चौदा वर्षांची सही

८ जानेवारी

भावजी,

पत्राच्या वरच्या ओळीत 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे. या पत्रात विनंती खरोखरच आहे. विशेष मात्र काही नाही. एक सही हवी आहे.

सहा वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि तुम्हीही मला लिहिलं नाहीत, तेव्हा खुशालीच्या चार ओळी दोघांच्याही वाचवते. मी बरी आहे. औषधांच्या कारखान्यात वजनखोलीत काम करते. पांढऱ्या फरशीची खोली, दार कायम बंद, कारण वारा आला की काटा थरथरतो. गोळीत जाणारी प्रत्येक भुकटी आधी माझ्या हाताखालून जाते.

आमचा कारखाना या महिन्यापासून पेन्शनच्या योजनेत आला. नाव नोंदवायला आम्हाला एकेकाला त्या कार्यालयात पाठवलं. खिडकीवरच्या बाईंनी वय विचारलं. मी अठ्ठेचाळीस म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून अशा नजरेनं पाहिलं, जणू मी शाळा सुटल्यावर दप्तर घेऊन आले आहे. "आता सुरू करताय?" एवढंच म्हणाल्या आणि हिशेब सांगितला. पूर्ण पेन्शनला पंचवीस वर्षांचं काम लागतं. कारखान्यातली माझी सहा झाली, साठीपर्यंतची बारा धरली तरी अठरा. अठरा वर्षांवर जे मिळतं त्याला पेन्शन म्हणत नाहीत, पेन्शनचा वास म्हणतात.

मग त्यांनी विचारलं, त्याआधी काय करत होतात? मी सांगितलं, आमच्या घरच्या वजनकाट्यांच्या दुकानात दुरुस्तीच्या मेजावर चौदा वर्षं काम केलं. त्या म्हणाल्या, मग अडलंय कुठे? मालकानं नमुना चारवर सही दिली की ती वर्षं जमेस धरता येतात. मागची वर्गणी माझ्याच पगारातून थोडी थोडी कापली जाईल, दुकानाला काही भरावं लागणार नाही.

फॉर्म सोबत पाठवला आहे. सगळ्या जागा मी भरल्या आहेत. तुम्ही सही करायची ती जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवली आहे, म्हणजे शोधायचे कष्ट नकोत. मुदत एकतीस मार्चपर्यंत आहे.

आईंना नमस्कार सांगा. जाऊबाईंनाही.

वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. फॉर्मही मिळाला. पेन्सिलीची फुलीसुद्धा दिसली. माझे डोळे अजून शाबूत आहेत.

तुम्ही एवढ्या वर्षांनी लिहिलंत म्हटल्यावर आमच्या मंडळींना वाटलं, काही गंभीर आहे. मी वाचून दाखवलं तर हसावं की रडावं कळेना. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पेन्शन. वहिनी, लोक तहान लागल्यावर विहीर खणतात असं ऐकलं होतं. तुम्ही तर घसा कोरडा पडून आवाज बसल्यावर कुदळ मागायला निघालात, आणि तीही दुसऱ्याच्या घरून.

आमच्या घराण्यात पेन्शन हा शब्द कुणी उच्चारला नाही. बाबा गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी दोन तराजू दुरुस्त केले होते. दादा तापानं फणफणलेला असताना मेजावरून उठायला तयार नव्हता, हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. ती काम करणारी माणसं होती. बसून खायची स्वप्नं पाहणारी नव्हती.

आता मुद्द्याचं. दुकानात नोकर कधीच नव्हते, तेव्हा मालकानं सही करायची म्हणजे नेमकी कशाची? दादा गेल्यावर तुम्ही दिवसभर माडीवर एकट्या काय करणार, म्हणून आईच म्हणाली की खाली येऊन बसत जा, मन रमेल. तुम्ही बसलात. अधूनमधून हाताला काही लागलं ते पुसलंत, घासलंत. त्याला मी नाही म्हणत नाही. पण घरातली माणसं नोकर नसतात आणि मन रमवण्याला नोकरी म्हणत नाहीत. उद्या आमच्या मंडळी पोळपाट घेऊन त्या खिडकीवर गेल्या तर त्यांचीही वर्षं मोजणार का तुमच्या बाई?

खोटी सही मी करत नाही. फॉर्म परत पाठवतो आहे. कोरी जागा चांगली दिसते तिथे.

आईची तब्येत वयाप्रमाणे आहे. विसरते फार.

तुमचा दीर


२७ जानेवारी

भावजी,

तुम्हाला हसावं की रडावं कळेना, हे वाचून वाईट वाटलं. मला कळलं. मी हसले.

मन रमवायला मी जे केलं ते आठवण करून देते, कारण विसरण्याचा आजार आईंपेक्षा तुमच्याकडे जास्त दिसतो. सकाळी आठला शटर वर करणं. जेवणापर्यंत लोखंडी वजनं: गंज काढायचा, तोलायची, कमी भरलं तर पोटातल्या भोकात शिसं ओतायचं, जास्त भरलं तर कानसीनं तेच शिसं खरवडायचं. दुपारनंतर नाजूक काटे: सोनारांचे, औषधवाल्यांचे. दांडी ज्या धारेवर टेकते ती धार केसाइतकी बोथट झाली तरी काटा खोटं बोलतो, आणि ती धार लावायला तुमचा हात कधी बसला नाही. तुम्ही गल्ल्यावर बसत होतात. तिथे तुमचं मन छान रमत होतं.

प्रसूतीच्या दवाखान्यातला बाळं तोलायचा काटा आठवतो? तिथल्या डॉक्टरीणबाई हवालदिल होऊन आल्या होत्या. प्रत्येक बाळ अशक्त भरत होतं आणि आया रडत होत्या. तुम्ही काटा वरून फडक्यानं पुसलात आणि सांगितलंत की काट्यात काही दोष नाही, बाळंच तशी असतील. मी तो उघडला. आतली एक कमान झिजून वाकली होती. दुसऱ्या दिवशी बाळं धडधाकट झाली. डॉक्टरीणबाई स्वतः आभार मानायला आल्या आणि तुम्ही मान झुकवून ते आभार घेतलेत. मी तीन हातांवर होते.

मी दुकान का सोडलं, याविषयी तुम्ही घरात काय सांगितलंत ते मला माहीत नाही. एका गिऱ्हाइकानं विचारलं, त्या मेजावरच्या बाई कोण? तुम्ही म्हणालात, "घरातल्याच आहेत, बसलेल्या असतात." मी हातातली कानस खाली ठेवली. संध्याकाळी बॅग भरली.

मी नोकरही होते असं म्हणत नाही. नोकराला पगार असतो. मी काम करत होते, एवढंच म्हणते. फॉर्मवरही तेच वाक्य छापलेलं आहे: 'सदर व्यक्तीने येथे काम केले आहे.' त्याखाली सही करायला तुमच्या घराण्याच्या कुठल्या तत्त्वाला बाध येतो?

खिडकीवरच्या बाईंना मी तुमचं उत्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, असे दीर, भाऊ आणि नवरे त्यांच्याकडे कपाट भरून आहेत. मालक अडून बसला तर काही सरकारी कागद असेल तो बघा, असंही म्हणाल्या.

फॉर्म पुन्हा पाठवते आहे. फुली पुसलेली नाही.

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. जुनी मढी उकरण्यात तुमचा हात अजून चांगला चालतो.

मी शांतपणे विचार केला. कितीही झालं तरी तुम्ही दादाच्या पत्नी. या वयात तुम्ही खिडक्यांवर हात पसरत फिरावं हे घराला शोभत नाही. म्हणून मधला मार्ग काढला आहे. 'घरगुती स्वरूपाची किरकोळ मदत, सुमारे दोन वर्षे' असं मी लिहून देईन. चौदा कुठून आणलीत देव जाणे, पण दोनाला माझी ना नाही.

त्याबदल्यात, बदल्यात म्हणजे तसं नव्हे, एक साधा कागद सोबत जोडला आहे. दुकानावर, जागेवर आणि सामानावर तुमचा कुठलाही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही, एवढाच मजकूर आहे. तुम्ही स्वतःच निघून गेलात, तेव्हा हक्काचा प्रश्नच येत नाही. कागद नीटनेटके असावेत एवढाच हेतू. फुली मीही मारली आहे. तुमच्याकडूनच शिकलो.

सही करून लगेच पाठवा. लगेच म्हणजे या महिन्यातच. घाई अशी काही नाही.

आई तुमची आठवण काढते.

तुमचा दीर


२० फेब्रुवारी

आई,

तुम्हाला नमस्कार. हे पत्र तुमच्या नावानं, पण शेजारच्या शिंपीणबाईंच्या हाती पाठवते आहे, कारण घरच्या पत्त्यावर आलेलं पत्र आधी कोण फोडतं ते तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही सावकाश वाचा. घाई नाही, खरोखरच नाही.

भावजींशी माझा पत्रव्यवहार चालू आहे. तुम्हाला त्यातलं काय सांगितलं असेल याची मला कल्पना नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मी उशिरा का होईना, पेन्शन सुरू करते आहे. त्यासाठी दुकानातली माझी चौदा वर्षं जमेस धरायला हवीत. भावजी म्हणतात, मी तिथे मन रमवत होते. आता दोन वर्षं द्यायला तयार झाले आहेत, पण मी हक्कसोड लिहून दिली तर. 'घाई नाही' असं ज्या पत्रात लिहिलेलं असतं त्यात कुणालातरी घाई असते. म्हणून मी रजा टाकून वजनमापांच्या कार्यालयात गेले.

तुम्हाला आठवत असेल, हे गेल्यावर दुकान बंद करायची पाळी आली होती. दुरुस्ती करणाऱ्याच्या नावावर परवाना लागतो आणि तो यांच्या नावावर होता. भावजी परीक्षेला बसले. एकदा नापास झाले. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा तेच. मग तुम्ही मला म्हणालात, तू बस. मी बसले आणि पास झाले. चौदा वर्षं दरवर्षी परवाना माझ्या नावानं नवा होत होता, आणि दुकानातून बाहेर गेलेल्या प्रत्येक वजनावर माझ्या नंबरचा ठसा आहे. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत बोलले नाही. भावजींची झाकली मूठ होती, ती झाकलेलीच राहू द्यावी म्हटलं. त्यांना वाटलं असावं, झाकलेलं ते आपोआप नाहीसंही होतं.

तिथल्या कारकुनानं जुनं दप्तर काढून दिलं. चौदा ओळी सापडल्या, एकही वर्ष गाळलेलं नाही. माझ्या नावापुढे दुकानाचा पत्ता. आणि पत्त्याच्या पुढच्या रकान्यात मालकाचं नाव.

आई, ते नाव तुमचं आहे. यांचं नव्हे, भावजींचं तर नव्हेच. बाबांनी दुकान तुमच्या नावावर केलं होतं आणि अजून ते तसंच आहे. मी तुमच्या घरात अठरा वर्षं राहिले आणि हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का?

आणखी एक कानावर आलं. आमच्या कारखान्यात काटे तपासायला येतात त्या कंपनीचा माणूस परवा म्हणाला की त्यांचे मालक एक जुनं दुकान विकत घेतायत, एप्रिलमध्ये व्यवहार होईल. कुठलं विचारलं तर त्यानं आपला चौक सांगितला.

मी नमुना चार सोबत जोडते आहे. मालकानं सही करायची असते. तुम्हाला जमलं तर करा. करणं अडचणीचं होणार असेल तर करू नका. मी राग धरणार नाही. तुम्हाला त्याच घरात राहायचं आहे.

तुमची सून


२८ फेब्रुवारी

मुली,

आशीर्वाद. शिंपिणीनं पत्र कापडाच्या घडीत घालून आणलं. फार वर्षांनी मला कुणी काही लपवून आणून दिलं. बरं वाटलं.

दुकान माझ्या नावावर आहे हे मला माहीत होतं आणि नव्हतं. तुझे सासरे म्हणाले होते, तुझं नाव घातलंय, नावापुरतं. मग मीही नावापुरतंच लक्षात ठेवलं. चाळीस वर्षं जे जे कागद पुढे आले त्यावर सही करत गेले. काय लिहिलंय असं एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, तुला काय करायचंय.

धाकट्यानं पंधरा दिवसांपूर्वी एक जाडजूड कागद आणला. म्हणाला, विजेच्या मीटरचा अर्ज आहे, सही कर. अकरा पानांचं मीटर मी अजून पाहिलं नाही. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही रे, राहू दे इथे. चष्मा माझ्या पदराआड होता. तेव्हापासून रोज चष्मा शोधायचं नाटक चालू आहे. धाकटी सूनही शोधते, बिचारी गादीखाली हात घालते. मी विसरते असं त्यानं तुला लिहिलं का? लिहू दे. विसरभोळ्या माणसासमोर लोक मोकळेपणानं बोलतात. विक्रीचं मला महिनाभर आधीपासून ठाऊक आहे. विकून मला मागच्या खोलीत ठेवायचं, एवढं ठरलंय. खोलीला खिडकी नाही, पण म्हातारीला बघायचंय काय, असं धाकटा बायकोला सांगत होता.

तुझा फॉर्म दोनदा वाचला. मग सही केली. सहीच्या खाली तारीख घातली आणि दुकानाचा शिक्का लावला. शिक्का गल्ल्याच्या खणात असतो. दुपारी तो जेवायला वर आला तेव्हा मी खाली गेले. जिना उतरायला वेळ लागला, पण तो जेवतोही भरपूर.

एक सांगते. तू चौदा वर्षं म्हणतेस. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून पितळी वजनं घासत होते. मूल पोटात असतानाही आणि मूल मांडीवर असतानाही. माझ्या बोटांचे ठसे केव्हाच गेले. बँकेत अंगठा लावायला सांगतात तेव्हा यंत्र मला ओळखत नाही. मला कुणी विचारलं असतं, बाई तू काय करतेस, तर मी म्हटलं असतं, काही नाही. तुझं पत्र वाचेपर्यंत असंच म्हटलं असतं. तू त्याच्यापाशी भांडतेस ते वाचून आधी मला तुझाच राग आला. एवढं काय मोठं केलंस, मी नाही का केलं, असं वाटलं. मग दुपारभर बसून राहिले आणि राग दुसरीकडे गेला.

फॉर्म शिंपिणीबरोबर पाठवते. ते अकरा पानांचं मीटरही तिच्याकडेच ठेवलं आहे. तुझ्या घरी बसायला खुर्ची आहे का ते कळव. जमिनीवर बसलं तर मला उठता येत नाही.

तुझी सासू


११ मार्च

वहिनी,

आई घरात नाही. काल सकाळी शिंपिणीकडे जाते म्हणून गेली ती परत आली नाही. शिंपीण म्हणते, तिनं आईला बसमध्ये बसवून दिलं. कुठल्या बसमध्ये ते सांगत नाही. आई तुमच्याकडे आली असेल तर ताबडतोब कळवा. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यानं अर्धवट झालेली, तिला एकटीला बोलावून घेताना तुम्हाला काही वाटलं नाही?

दुकानाचे महत्त्वाचे कागद नाहीसे झाले आहेत. मागे एकदा शिक्काही ओला सापडला होता. कुणी काय केलं ते मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही सहा वर्षं दबा धरून बसला होतात. पेन्शन हे निमित्त. डोळा दुकानावर होता. दादा गेला तेव्हाच बाबांच्या एका मित्रानं मला सांगितलं होतं, या बाईला मेजावर बसवू नकोस, पुढे जड जाईल. मी ऐकलं नाही. चांगुलपणा केला की असंच होतं. आणि आईच्या गादीखाली तुमचं पत्र सापडलं, त्यात परीक्षेचं उकरून काढलंत, ते तर अगदीच हीन. त्या वर्षी पेपर कठीण होता, हे सगळ्यांना माहीत आहे.

घेणाऱ्याशी माझं बोलणं पक्कं झालं आहे. मी शब्द दिला आहे. आई सही करणार नसेल तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तिचा चष्मा सापडला का तेही कळवा.

दीर


१४ मार्च

भावजी,

आई माझ्याकडे आहेत. चष्मा त्यांच्या नाकावर आहे. आत्ता खिडकीशी बसून तुमचं अकरा पानांचं मीटर वाचतायत. सातव्या पानावर आल्या आहेत. अवघड शब्द आला की मला विचारतात. मलाही आला नाही तर समोरच्या शाळामास्तरांना विचारतात. 'डोक्यानं अर्धवट' हे तुमच्या पत्रातलं मात्र त्यांनी कुणाला न विचारता वाचलं.

मी त्यांना बोलावलं नव्हतं. खुर्ची आहे, एवढंच मी कळवलं होतं.

माझा डोळा दुकानावर होता असं तुम्ही म्हणता. मला दुकानातली एक कानससुद्धा नको. हक्कसोडीचा तुमचा कागद मी सही करून सोबत पाठवते आहे. मागच्या महिन्यातच पाठवला असता, पण तुम्ही तो विकत मागितलात आणि किंमत दोन वर्षं लावलीत. आज फुकट घ्या. माझी चौदा वर्षं काल त्या खिडकीवर जमा झाली. बाईंनी आईंची सही पाहिली, परवान्याच्या चौदा ओळी पाहिल्या आणि शिक्का मारला. आई शेजारी उभ्या होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, मालक तुम्हीच का? आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि म्हणाल्या, "हो, मीच."

वर्गणी या महिन्यापासून कापली जाईल. साठाव्या वर्षी मला पूर्ण पेन्शन मिळेल. तुमच्या विहिरीला पाणी लागलं, भावजी. कुदळ तुमच्या घरातलीच निघाली, फक्त तुमची नव्हती.

पेपर कठीण होता हे खरं. मीही तोच सोडवला.

आता आईंचा निरोप. त्या सांगतात आणि मी लिहिते. दुकान विकायला त्यांची हरकत नाही. दुकान चालवणारं कुणी उरलेलं नाही हे त्या तुमच्यापेक्षा आधी ओळखून होत्या. अटी तीन. अर्धी रक्कम तुम्हाला व्यवहाराच्या दिवशी मिळेल. उरलेल्या अर्ध्याऐवजी घेणाऱ्यानं आईंना दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक पैसे द्यायचे, त्या असेपर्यंत. काटे तपासणाऱ्या त्या माणसाकरवी मी निरोप धाडला होता, आणि घेणाऱ्यानं काल येऊन हे मान्य केलं. आईंचं वय पाहून त्याला व्यवहार फायद्याचा वाटला असावा. तो गेल्यावर आई म्हणाल्या, त्यांची आई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. तिसरी अट अशी की तुम्हाला त्यानं नव्या दुकानात कामाला ठेवायचं, गल्ल्यावर, पगारानं. ही अट मी घातलेली नाही. मी असते तर घातली नसती.

मागच्या खोलीचं तुम्ही जे ठरवलं होतं ते त्यांनी मला बसमधून उतरल्यावर पहिलंच सांगितलं. त्या इथेच राहतील. माझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत.

येत्या रविवारी घेणाऱ्याला घेऊन या. तोवर अकरावं पान होईल.

वहिनी


१२ मे

वहिनी,

आईची गरम कपड्यांची पेटी आणि तिचा जुना पंखा पाठवतो आहे. सांभाळून उतरवून घ्या.

दुकान आता ओळखू येत नाही. मेज काढलं, सगळीकडे काचा लावल्या. काटे आकडे दाखवतात, कुणी दुरुस्त करत नाही, बिघडला की टाकून देतात. मला गळ्यात घालायला नावाची पट्टी दिली आहे. मालक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सकाळी यायला पाच मिनिटं उशीर झाला की घड्याळाकडे बघतो, बोलत काही नाही. बोललेलं परवडलं असतं.

परवा त्यांच्या हिशेबनिसानं एक फॉर्म पुढे टाकला आणि म्हणाला, पेन्शनची वर्गणी, सगळ्यांना सक्तीची आहे. मी म्हटलं, आमच्या घराण्यात ही पद्धत नाही. तो म्हणाला, घराण्याचा रकाना फॉर्ममध्ये नाही. मी पंचेचाळीसचा. आजवरच्या कामाचा पुरावा मागतो आहे. आई मालक होती, म्हणजे वीस वर्षांवर सही तिचीच लागणार. मला पेन्शनचं काही पडलेलं नाही, केवळ कागद नीटनेटके असावेत म्हणून विचारतो. ती करेल का?

दीर


२ जून

भावजी,

पेटी मिळाली. पंखा येताना वाकला होता, मी तो सरळ केला.

आईंनी तुमच्या फॉर्मवर सही केली आहे. वीसची वीस वर्षं दिली आहेत. 'काम केले' च्या पुढे 'गल्ल्यावर' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, कारण खोटी सही त्या करत नाहीत. मी त्यांना म्हटलं, दोन वर्षांचीच द्या. त्या म्हणाल्या, तो माझा मुलगा आहे, तू गप्प बस. मी गप्प बसले. तुमच्याविषयी मला अजून बरंच बोलायचं आहे, पण त्यांच्या घरात नाही. हो, घर त्यांचंच म्हणायला लागले आहे मी. खुर्ची कुठे ठेवायची तेही आता त्याच ठरवतात.

काल एक तारीख होती, आईंच्या पहिल्या हप्त्याची. पैसे घरी पोचवायला माणूस येणार होता, पण आईंना ते मान्य नव्हतं. म्हणाल्या, मी जाऊन घेणार. बसनं गेलो. नव्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हिशेबनीस बसतो, तोच तुमचा. तुम्ही खाली गल्ल्यावर होतात, आम्ही बाजूच्या जिन्यानं गेलो, म्हणून दिसलो नाही. आईंना तुम्हाला कामात अडवायचं नव्हतं.

हिशेबनिसानं कागद काढला. म्हणाला, आजी, पैसे देण्याआधी दर वेळी एक दाखला लागतो, करारात तसं आहे. कसला, असं आईंनी विचारलं. तो जरा संकोचला. म्हणाला, तुम्ही हयात असल्याचा. मी रागावून काही बोलणार होते. आईंनी हात वर करून मला थांबवलं. खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला, कागद वाचला. छोटाच होता, पण त्यांनी पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं, 'मी खाली सही करणारी हयात आहे.'

त्यांनी सही केली. मग तो कागद हिशेबनिसाला देईनात. त्याची एक प्रत हवी म्हणाल्या. त्यानं विचारलं, "आजी, तुम्हाला प्रत कशाला?"

"इतकी वर्षं सह्या केल्या," आई म्हणाल्या, "पण माझ्याविषयीचा कागद हा पहिलाच."

वहिनी